सर्फिंगच्या पहिल्याच दिवशी माझे पाय गेले

हे मी दोन प्रकारच्या लोकांसाठी लिहिते आहे. ज्यांना माझ्यासारखा हा विचित्र आजार झाला आहे आणि ज्यांना तो झालेला दुसरा माणूस भेटत नाही, त्यांच्यासाठी. आणि ज्यांनी येत्या सुट्टीत समुद्रावर जाऊन फळीवर उभं राहायचं ठरवलं आहे, त्यांच्यासाठी. दुसऱ्यांना मी जाऊ नका म्हणणार नाही. फक्त जाण्याआधी हे वाचा.

मी अकोल्याची. आमच्याकडे समुद्र नाही हे कुणाला सांगायला नको, पण दवाखान्यात प्रत्येक नवा डॉक्टर माझा कागद वाचायचा, पत्ता वाचायचा आणि पुन्हा माझ्याकडे बघायचा.

माझं नाव मनीषा. अकोट तालुक्यात मी कृषी सहायक आहे, आणि अकोल्यातल्या जठारपेठेत सासरच्या घरी राहते. नवरा प्रशांत अकोल्यातच शाळेवर शिक्षक आहे. माहेर चांदूर रेल्वेजवळच्या खेड्यात. हे झालं तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते. अंगात दुसरं कुठलंही दुखणं नव्हतं.

त्या आधीचे तीन महिने

त्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली होती. पंचनामे करायचे होते. रोज सकाळी बसनं अकोटला जायचं, तिथून कुणाच्या तरी गाडीवर गावात, आणि मग धुऱ्याधुऱ्यानं, शेतांच्या बांधांवरून, पायी. शेतकरी बोंड तोडून हातावर फोडून दाखवायचा. आत अळी. मी लिहायची, तो अंगठा नाहीतर सही करायचा, पुढचं शेत. सुरुवातीला मी प्रत्येकाशी बोलायची. नंतर नुसती लिहायला लागले. एका बाईनं माझ्यासमोर बसून डोळ्यांना पदर लावून रडून घेतलं, आणि मी तिचा गट क्रमांक दोनदा विचारला. त्याचं मला काही वाटलं नाही. वाटत नाही हे लक्षात आलं, तेवढंच.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण तिचा पुढे संबंध आहे. शेतात बाईमाणसाला जायला जागा नसते. म्हणून मी दिवसभर पाणी प्यायची नाही. सकाळी अर्धा पेला, मग घरी आल्यावर. वर्षानुवर्षं. माझ्यासारख्या गावोगाव फिरणाऱ्या सगळ्याजणी हेच करतात.

फेब्रुवारीत पंचनामे संपले. उमेशचा फोन आला.

उमेश माझा धाकटा भाऊ. सहा वर्षांनी लहान. अमरावतीला हॉटेलचा कोर्स करून तो मालवणच्या बाजूला एका रिसॉर्टवर लागला होता. तिथे एका गोव्याच्या माणसाकडून तो सर्फिंग शिकला, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवरून किनाऱ्याला येणं, आणि तीन वर्षांत स्वतःच शिकवायला लागला. आम्ही दोघं गावच्या विहिरीत पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकलो होतो. त्या विहिरीतला पोरगा समुद्रावर लोकांना शिकवतो, याचं घरात बाबांना सोडून सगळ्यांना कौतुक होतं.

"ताई, ये ना एकदा," तो म्हणाला. "तुले फळीवर उभी करतो."

प्रशांतला परीक्षेचं काम होतं. मी एकटी गेले.

फळी

दीड दिवसाच्या प्रवासात मी एक बाटली पाणी पुरवलं. गाडीतल्या संडासाला जायचं जिवावर येतं, म्हणून. पोचले त्या रात्री झोप नीट लागली नाही. सकाळी सात वाजता कपभर चहा घेऊन मी वाळूवर उभी होते.

उमेशनं चांगलं शिकवलं. हे मी मुद्दाम सांगते. नवशिक्यांसाठी असते ती लांब, मऊ फळी त्यानं दिली, पडली तरी लागत नाही अशी. तिचा दोर माझ्या घोट्याला बांधला. आधी अर्धा तास वाळूवरच. पोटावर झोप, पायाची बोटं फळीच्या टोकाला, छाती उचल, नजर पुढे, हातानं पाणी मागे लोट. मग तळहात बरगड्यांशी टेकव आणि एका झटक्यात दोन्ही पाय पोटाखाली घेऊन उभी राहा. पडायचं तर आडवं, सपाट पडायचं, डोक्यावर हात घ्यायचे. लाट आणि आपण यांच्या मधे फळी कधी येऊ द्यायची नाही, नाहीतर ती तोंडावर बसते. सगळं सांगितलं. जे त्याला माहीत नव्हतं ते तो सांगू शकत नव्हता.

पाण्यात गेल्यावर बहुतेक वेळ वाट बघण्यात जातो. लाट येईपर्यंत मी फळीवर पोटावरच पडून राहायची. कमरेत मागे वाकून, मान वर काढून, बरी लाट दिसते का ते बघत. बसायचंही असतं हे मला माहीत नव्हतं. बसले की फळी डगमगायची, म्हणून मी पडूनच राहिले. तास-सव्वा तास तरी.

सहा वेळा पडले. सातव्यांदा उभी राहिले.

तीन सेकंद असतील. खाली पाणी पळत होतं, माझे पाय फळीवर होते आणि मी ओरडत होते. काय ओरडले ते आठवत नाही. उमेश कमरेएवढ्या पाण्यात दोन्ही हात वर करून नाचत होता. गेल्या कित्येक महिन्यांत मला काही वाटलं असेल तर ते तेवढंच.

परत फिरताना कमरेत कळ आली. आत, कण्यापाशी, कुणी बोट रुतवल्यासारखी.

"कंबर भरून आली रे," मी म्हणाले.

"पहिल्या दिवशी भरतेच. बस करू का?"

"अजून एक," मी म्हणाले.

तो "बस करू का" म्हणाला होता. "अजून एक" मी म्हणाले. हे वाक्य मी पुढे तीन महिने कुणाला सांगितलं नाही.

निदान

ती शेवटची लाट मला मिळाली नाही. तिच्यासाठी हात मारताना पायांना मुंग्या यायला लागल्या. किनाऱ्याला आले तेव्हा वाळू उशीसारखी लागत होती. चहाच्या टपरीवर बाकावर बसले, कळ थोडी कमी झाली, आणि चहा संपवून उठायला गेले तर पाय उठले नाहीत. उमेश आधी हसला. मग त्यानं माझं तोंड पाहिलं.

त्यानं आणि टपरीवाल्यानं मला त्याच फळीवर निजवून जीपपर्यंत नेलं.

तालुक्याच्या डॉक्टरांनी नस आखडली म्हणून इंजेक्शन दिलं आणि पडून राहायला सांगितलं. उमेशनं ऐकलं नाही. "हिले सकाळपासून लघवी झाली नाही," तो त्या डॉक्टरांना म्हणाला. मला ते सांगायला लाज वाटत होती. त्याला कसं कळलं हे मी आजवर विचारलेलं नाही. त्याच दुपारी त्यानं मला गोव्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. पोट दगडासारखं झालं होतं आणि मला त्याचं काहीच कळत नव्हतं. नळी घातली तेव्हा नर्स म्हणाली, "इतकी लघवी तुंबली होती, आणि तुम्हाला कळलं नाही?"

पडलात का? नाही. काही आदळलं का? नाही. ताप? नाही. एमआरआय काढला. दुसऱ्या सकाळी मोठे डॉक्टर आले. त्यांनी कापसाचा बोळा घेतला आणि मला डोळे मिटायला लावले. "लागलं की हो म्हणा." हातावर हो. पोटावर वरच्या बाजूला हो. मग बराच वेळ काही नाही. मी डोळे उघडून पाहिलं तर ते माझ्या घोट्यावर कापूस फिरवत होते. जन्म कापसात गेला, आणि तो अंगाला लागलेला कळत नव्हता.

"फळीवर पोटावर किती वेळ होतात?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. ते बाजूला स्टूल ओढून बसले. डॉक्टर बसला की बातमी काय असणार ते कळतं.

ते म्हणाले, "पाठीच्या कण्यातून मज्जेची दोरी जाते. तिला खालच्या भागात रक्त कमी पडलं. कंबर मागे वाकवून खूप वेळ पडून राहिल्यानं होतं, आणि अंगात पाणी कमी असलं तर धोका वाढतो असं म्हणतात. पहिल्यांदा सर्फिंग करणाऱ्यांनाच होतं, बहुधा पहिल्याच दिवशी. फार क्वचित. मी वाचलं होतं, पाहिलं नव्हतं."

"मी चालेन का?"

"काही जण चालतात. काही जण थोडं चालतात. काही नाही चालत. मला आज सांगता येणार नाही."

त्यांनी खोटं सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. पण त्या क्षणी माझ्या मनात काय आलं, तर मेडिकल रजेच्या अर्जाला कोणता नमुना लागतो ते. लोक विचारतात, रडली नाहीस? नाही रडले. उमेश भिंतीला टेकून उभा होता, तो रडत होता. मी त्याच्याकडे बघत होते, आणि ते सगळं दुसऱ्याच्या शेतात चाललं आहे असं वाटत होतं.

बावीस दिवस

दवाखान्यात दिवस घड्याळानं जात नाही, कुशीनं जातो. दर दोन तासांनी मला कूस बदलून द्यायचे, कारण कमरेखालचं अंग टोचत नाही, टोचत नाही म्हणून आपण हलत नाही, आणि हललं नाही की कातडी जाते. सकाळी लघवीची पिशवी रिकामी करायची. मग कापूस, टाचणी, हातोडी. अंगठा हलवा. मी डोक्यात हलवायची. अंगठा तसाच.

चौथ्या दिवशी वॉर्डातली आया म्हणाली, "केसांत काय गो तुझ्या? मीठ?" तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिनं डोक्याखाली मेणकापड घातलं, बादली खाली ठेवली आणि कोमट पाण्यानं केस धुतले. तीनदा. मानेवरून पाणी गेलं ते मला कळत होतं. तिची ड्यूटी संपली होती हे मला नंतर समजलं.

तिसऱ्या दिवशीच प्रशांत आणि बाबा आले होते. बाबा वॉर्डात आले, माझ्या पायांवरची चादर बाजूला केली, पाय पाहिले आणि चादर परत नीट केली. मग दाराबाहेर गेले. बाहेर उमेश होता. दार अर्धं उघडं होतं.

"तू तिले पाण्यात घातलं," बाबा म्हणाले. मोठ्यानं नाही. "शेत सोडून गेला, काही बोललो नाही. आता हे केलं. जाय इथून."

उमेशनं दारातून माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं तो वाट बघत होता. मी डोळे मिटले.

तो तरीही आठवडाभर खालच्या मजल्यावर राहिला. प्रशांत त्याला डबा नेऊन द्यायचा. मग एक दिवस तो गेला.

नवव्या दिवशी उजवा अंगठा हलला. प्रशांत तीनदा म्हणाला, "परत कर." मी तीनदा केला.

जठारपेठ

घरी आले तर नवाच प्रश्न. आमची खोली वर होती. बैठकीतला दिवाण माझा झाला. येणारा-जाणारा आधी मला बघायचा आणि मग चप्पल काढायचा.

शेजारच्या बाया यायच्या. "समुद्रात काहून गेलती?" प्रत्येकीचा पहिला प्रश्न. नवरा, सासू सोडून, एकटी, समुद्रात. त्यांना आजार कळत नव्हता. शिक्षा कळत होती.

जे कुणी लिहीत नाही ते लिहिते. या आजारात लघवीबरोबर संडासवरचाही ताबा जातो. घरी आल्यावर आठ दिवसांनी, दुपारी, दिवाणावर माझे कपडे खराब झाले. मला कळलंच नाही. वास सासूबाईंना आला. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. सहा वर्षांत आमच्या दोघींत कामापुरतं बोलणं होतं. त्यांनी बैठकीचं दार लावलं, पाणी आणलं, लुगड्याचा ओचा खोचला.

"मी करते, आत्याबाई," मी उगाच म्हणाले.

"तू काय करते? वर हो," त्या म्हणाल्या. आणि पुसता पुसता, माझ्याकडे न बघता, "माणसालेच होते. ढोराले होते, माणसाले होते. तोंड काहून पाडून राहिली?"

त्या दिवसानंतर मला त्यांची लाज वाटली नाही. त्यांच्याशी बोलायलाही लागले. हे आजारपणात मिळालं.

प्रशांतचं उलटं झालं. सुरुवातीला तो सगळं करत होता. नळी, पिशवी, आंघोळ, वर शाळा. तोंडातून चकार शब्द नाही. मग एक दिवस माझ्या हातून पाण्याचा तांब्या सांडला, आणि त्यानं हातातला टॉवेल भिंतीवर मारला.

"काहून गेलती तू? मले सांग ना. काहून गेलती?"

"जावंसं वाटलं म्हणून."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

मग त्यानं पाणी पुसलं. आजारी माणसाला राग येतो हे सगळे मान्य करतात. सांभाळणाऱ्यालाही येतो. तो टॉवेल भिंतीवर बसला, माझ्यावर नाही, हे मी तेव्हा मनात लिहून ठेवलं. पुढे मी आईबरोबर अमरावतीला दीड महिना खोली घेऊन राहिले. त्याचं एक कारण तिथला व्यायाम, आणि दुसरं कारण प्रशांतला झोप मिळावी.

शाहीन मॅडम

अमरावतीला मला शाहीन मॅडम मिळाल्या. फिजिओथेरपीच्या. उंच, आवाज मोठा, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी. पहिल्या दिवशी त्यांनी माझा पाय हातात धरला आणि म्हणाल्या, "देखो मनीषा, हा पाय तुझा हाय. पन त्याले आता ते माहीत नाही. रोज सांगावं लागीन. रोज मंजे रोज, ईद-दिवाळी सुट्टी नाही."

दोन लोखंडी दांड्यांच्या मधे मला उभं करायचे. समोर आरसा. पाय जमिनीला टेकला की नाही ते मला आरशात बघून कळायचं. डोळे मिटले की मी पडायची. नळी स्वतःची स्वतः कशी घालायची, स्वच्छ कशी ठेवायची, तेही तिथेच शिकले. दर चार तासांनी, घड्याळ लावून. आणि पाणी मोजून, भरपूर. न पिण्याची सवय इतकी अंगात होती की पेला समोर आला की मी तो बाजूला सरकवायची. शाहीन मॅडम पेला संपेपर्यंत समोर उभ्या राहायच्या.

उमेश फोन उचलत नव्हता. त्याच्या एका मित्राकडून कळलं की त्यानं शिकवणं सोडलं, रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात कांदे कापतो आणि पाण्यात उतरतच नाही.

एक दिवस व्यायाम करता करता मॅडमनी विचारलं, "भाई तुझा कधी आला नाही?"

का कोण जाणे, मी सगळं सांगितलं. तो बस करू का म्हणाला ते. मी काय म्हणाले ते. दारातून त्यानं पाहिलं आणि मी डोळे मिटले ते.

त्यांनी माझा पाय खाली ठेवला. "मंग हे बापाले सांग," त्या म्हणाल्या. "मले सांगून काय फायदा? चल, दुसरा पाय."

बाबांना सांगणं

जूनच्या सुरुवातीला वॉकर घेऊन मी माहेरी, चांदूरला गेले. बाबा ओसरीत ठिबकच्या नळ्या गुंडाळत बसले होते. मला चालताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. दारापासून बाजेपर्यंतची बारा-तेरा पावलं. ते नळी हातात धरून तसेच थांबले.

मी बाजेवर बसले आणि श्वास परत यायच्या आधीच बोलले, नाहीतर राहून गेलं असतं.

"बाबा, कंबर दुखली तेव्हा उमेश बस म्हणला होता. मीच म्हणली, अजून एक."

त्यांना आधी समजलं नाही. मी परत सांगितलं.

"त्यानं सांगितलं नाही मले," ते म्हणाले.

"तो नाही सांगणार."

"आन् तू? एवढे दिवस काहून नाही सांगितलं?"

याचं खरं उत्तर मला तोवर शब्दांत माहीत नव्हतं. तोंडातून आलं तेव्हाच कळलं. "तुमी त्याले बोलून राहिले होते, मले नाही. मले ते बरं वाटत होतं."

बाबा उठले. चपला घातल्या आणि शेताकडे निघून गेले. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना ताट माझ्याकडे सरकवायचे, तेवढंच. तिसऱ्या दिवशी सकाळी आई धावत आली. "उमेशले फोन लावला बाप्पा त्यायनं! ओसरीत बोलून राहिले." मी कान दिला. बाबा एवढंच म्हणत होते, "जेवला का? काय होतं जेवायले?" मग थोडं थांबून, "बरं." फोन ठेवला.

एवढंच झालं. त्यांच्यात सगळं नीट झालं असं मी म्हणणार नाही. अजूनही ते जेवणाच्या पुढे फारसे जात नाहीत.

त्याच दुपारी मी उमेशला फोन केला. या वेळी त्यानं उचलला.

"मी शिकवत नाही आता, ताई."

"तू नाही शिकवशीन तर दुसरा शिकवीन," मी म्हणाले. "त्याले हे माहीत नसंन."

तो म्हणाला, "थांब, वही घेतो."

त्याच्या वहीत आम्ही जे लिहिलं

लांबचा प्रवास करून आलात तर दुसऱ्याच दिवशी पाण्यात उतरू नका. झोप काढा, जेवा. पाण्यात जायच्या तासभर आधीपासून पाणी प्या, आणि मधे किनाऱ्यावर येऊन परत प्या. बायांनो, विशेषतः तुम्ही. शिकवणाऱ्याला आधी विचारा, संडास कुठे आहे. लाजू नका. पाणी न पिण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं.

फळीवर पोटावर पडून लाटेची वाट बघू नका. दर थोड्या मिनिटांनी बसा, दोन्ही बाजूंना पाय सोडून. डगमगेल, पडाल, पुन्हा चढा. बसायला येत नसेल तर आधी बसायलाच शिका, उभं राहणं नंतर. कंबर ताणून छाती फार वर काढू नका, मान उचलली तरी लाट दिसते. पहिल्या दिवशी अर्धा-पाऊण तास पुरे. लाटा उद्याही येतात.

कंबरेत किंवा पाठीत अचानक कळ आली तर त्याच क्षणी बाहेर. ताणून बघू नका, वाकून मोकळी करायला जाऊ नका. दुखतंय की भरून आलंय याचा विचार बाहेर येऊन करा. पायाला मुंग्या, जडपणा, वाळू वेगळी लागणं, लघवी न होणं, यातलं काहीही झालं तर पडून आराम करायचा नाही. ज्या दवाखान्यात एमआरआय आहे तिथे सरळ जायचं आणि सांगायचं की मी आज पहिल्यांदा सर्फिंग केलं. हे वाक्य आपणच सांगायचं. डॉक्टर विचारतीलच असं नाही. लवकर गेल्यानं पाय वाचतीलच अशी खात्री कुणी देत नाही, पण उशिरानं काही भलं होत नाही.

बाकीचं साधं आहे. बरगड्या आणि गुडघे सोलतात, म्हणून अंगाला घट्ट बसणारा पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. ऊन पाण्यातूनही भाजतं. एकट्यानं जाऊ नका.

उमेश आता परत शिकवतो. वाळूवरचा पहिला धडा बसण्याचा असतो. लोक कंटाळतात, म्हणतो तो. कंटाळू देत.

आता

सव्वा वर्ष झालं आहे. मी काठी घेऊन चालते. उजवा पाय बराच परत आला, डावा गुडघ्याखाली नाही. लघवीला नळी अजून लागते, दिवसातून दोनदा. मी अकोटला कामावर जाते. साहेबांनी टेबलाचं काम दिलं, पण महिन्यातून एखाद-दुसऱ्या शेतात मी जाते. परवा एकानं विचारलं, "मॅडम, पायाले काय झालं?" मी म्हणाले, समुद्रावर गेले होते. त्याला वाटलं मी थट्टा करते.

दोन्ही पायांना थंड-गरम कळत नाही. एकदा गरम पाण्याच्या बादलीत डावा पाय बराच वेळ होता. आत्याबाईंनी ओरडून सांगितलं तेव्हा कातडी लाल झाली होती. आता रोज संध्याकाळी आरसा घेऊन तळवे बघते. तुम्हालाही हा आजार झाला असेल तर हे कधी चुकवू नका. काटा, फोड, चटका, काहीही असू शकतं, आणि पाय तुम्हाला सांगणार नाही.

मनाचं विचारतात लोक. खरं सांगायचं तर तेही पायासारखंच आहे. थोडं परत आलं, काही ठिकाणी नाही. गेल्या हंगामात एका बाईच्या तुरीचा पंचनामा लिहिताना मला पेन खाली ठेवावं लागलं. तेवढं परत आलं.

यंदा थंडीत प्रशांत आणि मी मालवणला गेलो. शाहीन मॅडमनी परवानगी दिली, फळीची नाही, किनाऱ्याची. सकाळी उमेश मला वाळूवरून घेऊन गेला. काठी ओल्या वाळूत रुतत होती म्हणून ती प्रशांतकडे दिली आणि उमेशचा दंड धरला. पाणी घोट्यापर्यंत आलं. मग थोडं वर. पायांखालची वाळू सरकत होती. उजव्या पायाला ते अंधुकसं कळत होतं. डाव्याला काही नाही.

"थंड हाय का पानी?" उमेशनं विचारलं आणि लगेच जीभ चावली.

"मले नाही कळत," मी म्हणाले. "तू सांग."

त्यानं खाली पाहिलं. एक लाट आली आणि आमच्या पोटऱ्यांवरून गेली.

"थंड हाय," तो म्हणाला. "लय थंड हाय, ताई."

"बरं," मी म्हणाले, आणि आम्ही तिथेच उभे राहिलो.